सेकंडहँड सी-काइट घेऊ का? वजन ६८ किलो, जागा मोरजी

भिजलेली_चप्पल (पुणे)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत गोव्यात मोरजीला काइटबोर्डिंगचा (मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जायचं) कोर्स केला. एकूण दहा तास. आता दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे मीटर उभी राहून जाते, पण वाऱ्यावर चढता, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेला सरकता येत नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर बोर्ड काखेत मारून वाळूतून परत चालत यायचं. गंमत वाटते, पण कोर्सपेक्षा चालणंच जास्त झालंय.

आता स्वतःचा पतंग घ्यायचाय. नवा पाहिला तर नुसत्या पतंगालाच लाखाच्या वर, बार (हातात धरायचा दांडा) आणि दोऱ्या वेगळ्या. म्हणून जुना शोधतेय. एकाकडे १२ चौरस मीटरचा सी-काइट आहे, २००८ चं मॉडेल, बारसकट २८ हजारांत देतो म्हणतोय. कापड बरं दिसतं, एका ठिकाणी ठिगळ आहे. विकणारा म्हणतो, "सी-काइट म्हणजे असली चीज, चांगले खेळाडू हाच वापरतात."

कोर्सला जो पतंग होता तो पसरट होता, बार सोडला की एकदम मऊ पडायचा. तो बो होता की डेल्टा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मावसभाऊ म्हणतो फॉइल घे, पंपच मारावा लागत नाही. तर प्रश्न असा: सी, बो, डेल्टा, हायब्रीड, फॉइल यांत सुरक्षिततेचा खरोखर फरक आहे की ही नुसती कंपन्यांची नावं? आणि २८ हजार वाचवण्यासारखे आहेत की घालवण्यासारखे?

(घरी आईला "पतंग घेतेय" एवढंच सांगितलंय. ती म्हणाली, संक्रांत तर झाली.)

---

चापोरा_काठचा

घेऊ नका. लांबण लावत नाही, पण मोरजीचं तेवढं सांगतो.

इथे वारा दुपारचा, वायव्येचा. बारा ते पंधरा नॉट, एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी थोडा वर. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तेव्हा कोणी उतरत नाही. उतरलात तर तो तुम्हाला ओमानच्या दिशेने पाठवेल. दुपारच्या वाऱ्याला तुम्ही जिथे वाहत जाल तिथे नदीचं मुख आहे. ओहोटीला ते पाणी बाहेर ओढतं. त्या जागी पतंग पाण्यात पडला आणि पुन्हा उठला नाही, तर पोहून काठ गाठणं सोपं नाही.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न: पडलेला पतंग किती लवकर उठतो? चार दोऱ्यांचा जुना सी-काइट नाक खाली घालून पडला की त्याच्याकडे पोहत जाऊन दोऱ्या ढिल्या करून उलटवावा लागतो. मी शिकलो तेव्हा असलेच होते. अर्धा दिवस त्यातच जायचा आणि होडीवाले बसून बघायचे.

---

आसारीवाला (मूळ येवला, सध्या हॉलंड)

ताई, चापोराभाऊंनी निम्मं सांगून टाकलंय, बाकीचं मी सांगतो. मी येवल्याचा. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस माणूस गच्चीवरून खाली उतरत नाही, तेव्हा पतंगाबद्दल मला थोडं जास्त बोलायची सवय आहे.

आधी नावांचं. ही नावं कंपन्यांची नाहीत, आकाराची आहेत, आणि फरक खरा आहे. तुम्हाला कणी बांधता येते का? साध्या कागदी पतंगाची. वारा जास्त असला की वरचा दोरा थोडा आखूड घेतो, म्हणजे पतंग वाऱ्यात आडवा पडतो आणि हाताला कमी ओढतो. वारा कमी तर उलट. ते आपण गच्चीवर एकदा करतो आणि मग पतंग वर गेला की गेला. काइटबोर्डिंगचा बार म्हणजे चालत्या पतंगाची कणी. बार आत ओढला की पतंग वाऱ्याला छाती देतो, पुढे सरकवला की आडवा पडतो. सगळ्या डिझाइनचं भांडण एकाच गोष्टीवरून आहे: बार पूर्ण सोडला तर पतंग किती आडवा पडू शकतो?

सी-काइटला कणीच नाही. चारही दोऱ्या थेट चार कोपऱ्यांना. पतंग इंग्रजी सी अक्षरासारखा खोल वाकलेला, आणि पुढची हवेची नळी सगळा भार स्वतःच पेलते. त्यामुळे बार सोडला तरी तो थोडाच मऊ होतो, पूर्ण नाही. पण वळवला की जागेवर गर्रकन वळतो, आणि कमरपट्ट्याचा हुक सोडवून हवेत बार एका हातातून दुसऱ्या हातात घेणाऱ्यांना हवी असते तशी दोरी क्षणभर ढिली पडते. तुमचा विक्रेता खोटं बोलत नाहीये, चांगले खेळाडू खरंच वापरतात. पण ते हवेत असताना बार पाठीमागून फिरवतात आणि तुम्ही अजून वाळूतून चालत येताय.

बो म्हणजे पसरट पतंग, मागची कड आत वळलेली, आणि पुढच्या नळीला बऱ्याच ठिकाणी बांधलेली कणी. नळीला आधार मिळाला म्हणून तिला खोल वाकायची गरज उरली नाही, आणि पसरट झाला म्हणून बार सोडल्यावर जवळजवळ पूर्ण आडवा पडतो. हवेने फुगवायचा पतंग मुळात फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या दोन भावांचा. त्यांचं पेटंट १९८४ चं, आणि बाजारात नीट खपायला १९९७ उजाडलं. बोही ब्रुनोचाच, तो २००५ च्या सुमारास दुकानांत आला. तुमचं २००८ चं मॉडेल त्यानंतरचं असलं तरी सी आहे, म्हणजे कोणीतरी मुद्दाम त्या खेळासाठी बनवलेलं.

डेल्टा बोचाच भाऊ, पंख मागे झुकलेले. पाण्यात पडला की एक मागची दोरी ओढा, तो कडेवर फिरतो, वाऱ्याच्या काठाकडे, म्हणजे ओढ कमी असते त्या कडेला सरकतो आणि आपोआप उठतो. हायब्रीड म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं. आज दुकानात दिसणारे बहुतेक तसलेच. मधल्या आडव्या नळ्या किती तेही बघा: पाच असल्या तर जोराच्या वाऱ्यात आकार धरून ठेवतो, तीन म्हणजे सर्वसाधारण, एक किंवा शून्य म्हणजे हलका वारा, पण बार सोडला की शेपटीकडचं कापड फडफडतं. मोरजीला तीनचा घ्या.

आता मी या सगळ्यात बोची जाहिरात करतोय असं वाटू नये म्हणून माझी स्वतःची फजिती सांगतो.

ब्रॉवर्सडॅम म्हणून इथे एक धरण आहे, एका बाजूला उत्तर समुद्र, दुसऱ्या बाजूला सरोवर, वरून रस्ता. मी समुद्राच्या बाजूला, पश्चिमेचा वारा, बावीस नॉट आणि झोत अठ्ठावीसचे. माझा ९ मीटरचा बो. म्हणजे सगळ्यात सुरक्षित समजला जाणारा आकार, योग्य माप, आठ वर्षांचा अनुभव. उडी चुकली, पतंग लाटेत आपटला, लाटेने त्याला एकदा गुंडाळलं आणि तो वर आला तेव्हा कणीची एक दोरी डाव्या पंखाच्या टोकाला अडकलेली. मी बार सोडला. नेहमी बार सोडला की सगळं शांत होतं. या वेळी पतंगाने गोता मारला, वर आला, पुन्हा गोता, आणि प्रत्येक गोत्याला मला पंधरा-वीस फूट पाण्यातून फरफटत नेलं. नाकातोंडात पाणी. मग क्विक रिलीज, म्हणजे संकटात पतंगाची ओढ काढून टाकणारी बारवरची नळी, ढकलला. आता सगळा ताण एका पुढच्या दोरीवर जायला हवा आणि पतंग फडक्यासारखा लोळायला हवा. पण पंख अडकलेला असल्यामुळे तो त्या एका दोरीवरही फिरतच राहिला. शेवटी लीश, म्हणजे पतंग मला बांधून ठेवणारी शेवटची दोरी, सोडला.

पतंग गेला. पाण्यावरून, वाळूवरून, धरणाच्या रस्त्यावरून पलीकडे, मागे चोवीस मीटरच्या चार दोऱ्या आणि बार लोंबकळत. कुंपणाला जाऊन अडकला. रस्त्यावर त्या क्षणी गाडी नव्हती हे माझं नशीब, अक्कल नाही. एका म्हाताऱ्या डच बाईंनी मला दहा मिनिटं झापलं, आणि मी येवल्याचा असूनही त्यांना "वकाट" (पतंग कापला गेला की आम्ही ओरडतो ते) म्हणजे काय ते समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

मग घरी येऊन कणी तपासली. कणीत लहान कप्पी असते, तिच्यातून दोरी सरकते. माझी दोरी तिथे घासून अर्धी झाली होती आणि लोंबत होती. सी-काइटला कणी नाही, म्हणजे हे अडकणंच नाही. त्याच्या बाजूने एवढं तरी बोललं पाहिजे.

तेव्हापासून माझं मोजमाप एकच. पतंग ओढतो कसा, वळतो कसा, हे नंतर. तो सोडल्यावर काय करतो ते आधी. आणि सोडणं तीन पायऱ्यांत असतं: हातातून बार, मग क्विक रिलीज, मग लीश. तिन्ही पायऱ्या तुमच्या हाताने तुमच्या डोळ्यांसमोर काम करताना दिसल्या पाहिजेत. २००८ च्या बारवर मला दुसरीचीच शंका आहे. त्या काळात प्रत्येक कंपनीची यंत्रणा निराळी: कुठे पिन उपसायची, कुठे नळी ढकलायची, कुठे पिळायची. फक्त या यंत्रणेसाठीचं आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं. बार त्यानंतरचा मिळाला तर उत्तम.

तर विक्रेत्याला सांगा, पाण्यात नको, वाळूवर दाखवा. चिकन लूप (बारची कडी, जी हार्नेसला म्हणजे कमरपट्ट्याला अडकते) खांबाला अडकवा, तुम्ही हार्नेसवर भार देता तसा शरीराचा भार द्या आणि मग एका हाताने सोडून बघा. डोळे मिटून. पाण्यात डोळे उघडे नसतात.

---

कामशेतचा_कावळा

आसारीवाले, लेख झक्कास, पण फॉइलला एका ओळीतही जागा दिली नाहीत. मी पॅराग्लायडिंगवाला, कामशेतला उडतो, त्यामुळे पुढून हवा भरून फुगणारं कापड मला घरचं आहे. नळ्या नाहीत, पंप नाही, ब्लॅडर (नळीच्या आतला फुगा) फुटायची भीती नाही, पाठीवरच्या पिशवीत मावतो. पुण्याहून स्लीपर कोचने गोव्याला जाणाऱ्या माणसाला हे किती मोलाचं आहे ते हॉलंडमध्ये गाडी घेऊन फिरणाऱ्याला नाही कळणार.

आणि हलक्या वाऱ्यात त्याच्या जवळपासही कोणी नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मार्सेलला काइट पहिल्यांदा आला, तेव्हा सगळे फॉइल पतंगांवरच होते. पुरुषांत ऑस्ट्रियाचा वालेंटिन बोंटुस जिंकला, महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज. सिंगापूरच्या मॅक्स मेडरने कांस्य घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तुमच्या लेगेन्यूंच्या नळ्या तिथे दिसल्याच नाहीत.

---

आसारीवाला

कावळेबुवा, मान्य. एका चुकीबद्दल माफी, एका मुद्द्यावर भांडण.

आधी ताईंसाठी खुलासा, कारण यात सगळे गोंधळतात: फॉइल पतंग वेगळा आणि बोर्डाखालचं हायड्रोफॉइल वेगळं. ऑलिम्पिकवाल्यांकडे दोन्ही होतं. मावसभाऊ बहुधा पहिल्याबद्दल बोलतोय.

आता भांडण. पॅराग्लायडर तुम्ही पाण्यात पाडत नाही. ताई रोज पाडणार, दहा वेळा पाडणार, लाटा फुटतात तिथेच पाडणार. फुगवलेला पतंग तरंगतो, सगळं बिघडलं तर त्याच्या नळीवर आडवं पडून काठाला येता येतं. मी आलोय. फॉइलच्या कप्प्यांत हळूहळू पाणी शिरतं, मग तो उठत नाही आणि त्याच्यावर आडवंही पडता येत नाही. वर पन्नास बारीक दोऱ्या, त्यात पाय अडकला तर मांजा काय करतो ते मला येवल्यात कळलंय. (नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी आणली, तरी दर संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या येतात. ताण असलेली काइटची दोरीसुद्धा तेच करते. उडता पतंग कधी दोरीला धरून थांबवायचा नाही.) मार्सेलच्या पोरांच्या मागे बचाव होड्या होत्या. मोरजीला तुमच्या मागे कोण आहे? चापोराभाऊ चहा पीत बसलेत.

पुढे दोन वर्षांनी, सरोवरावर, सपाट पाण्यात, जरूर घ्या. श्रीलंकेतल्या कल्पिटियाचा लगून त्यासाठी छान आहे, मे ते सप्टेंबर वारा रोजचाच.

---

चापोरा_काठचा

चहा नव्हे, सोलकढी.

---

भिजलेली_चप्पल

सगळ्यांचे आभार. फॉइल रद्द, मावसभाऊ रुसलाय. शनिवारी विकणाऱ्याकडे जाऊन प्रत्यक्ष बघते. अजून काय काय तपासू? कापडाचं मला काही कळत नाही.

---

आसारीवाला

कापड उन्हाकडे धरा. शेपटीकडची कड पारदर्शक आणि मऊ वाटली, दाबल्यावर कुरकुर आवाज येत नसेल, तर ऊन खाल्लेलं आहे. एकच स्वच्छ ठिगळ चालतं. शिवणीजवळ ठिगळांची रांग असली तर नको.

नळी सात-आठ पीएसआयपर्यंत फुगवा आणि तासभर सावलीत सोडून द्या. टिचकी मारून ऐका, तासाने पुन्हा टिचकी. आवाज उतरला की हवा गळतेय. उन्हात ठेवून ही परीक्षा घेऊ नका, गोव्याच्या दुपारी आतली हवा तापून फुगते आणि चांगली शिवणसुद्धा उसवते.

चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणा, बार सरळ राहतो का बघा. जुन्यात पुढच्या दोऱ्या जास्त ताण खाऊन लांबलेल्या असतात. मग पतंग मागे बसतो, म्हणजे शेपटीवर पडतो, आणि तुम्हाला वाटतं आपल्यालाच उडवता येत नाही.

बार दुसऱ्या कंपनीचा जोडलेला असेल तर तिथेच नमस्कार करा. पुढच्या दोऱ्या कोणत्या उंचीवर एकमेकींपासून वेगळ्या होतात हे प्रत्येक पतंगाचं वेगळं असतं, आणि सोडल्यावर तो लोळणार की फिरणार हे त्यावर ठरतं.

आणि खांबाची परीक्षा. ती सगळ्यात आधी. ती नापास झाली तर बाकीचं बघूच नका, तासभर वाचेल.

---

भिजलेली_चप्पल

जाऊन आले. सांगते.

पतंग खरंच बरा होता. कापड कुरकुरत होतं. दोऱ्याही जवळजवळ सारख्या. विकणारा माणूस चांगला, चहाबिहा दिला. मग मी चिकन लूप त्यांच्या फाटकाच्या कडीला अडकवला, हार्नेस घालून मागे रेलले, डोळे मिटले आणि लाल नळी ढकलली. काही झालं नाही. परत ढकलली. दोन्ही हातांनी ढकलली. मग त्यांनी स्वतः "अहो, असं नाही, असं" म्हणत प्रयत्न केला, त्यांच्यानेही नाही. शेवटी भार काढला आणि पकडीने हलवल्यावर सुटली, आतून चमचाभर वाळू आणि पांढरं मीठ पडलं.

त्यांनी विचारलं, बार सोडून नुसता पतंग पंधरा हजारांत नेता का. मी म्हटलं नको, वळायला शिकले की येईन. ते थोडा वेळ त्या नळीकडे बघत बसले, मग म्हणाले, "मी गेल्या महिन्यात यावरच उतरलो होतो हो."

आता १२ मीटर, तीन नळ्यांचा, २०२० नंतरच्या बारसकट कोणाकडे असेल तर सांगा. साठ हजारांपर्यंत जाईन. आईला अजून सांगितलेलं नाही.

---

चापोरा_काठचा

माझ्या ओळखीत एक आहे, हायब्रीड, दोन हंगाम वापरलेला, बार त्याच कंपनीचा. किंमत विचारतो. मालकाला सांगून ठेवतो की एक बाई येऊन तुमच्या फाटकाला लटकणार आहेत.

---

आसारीवाला

त्या आधीच्या विक्रेत्याला सांगा, बार गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मग कोमट पाण्याने धुवा, पाच-पन्नास वेळा उघडझाप करा. तरी भाराखाली सुटला नाही तर फेकून द्या, कोणाला विकू नका.